किल्ला, ताप आणि एकांत : मेडोज टेलरचे नळदुर्ग आणि गॉथिक-स्वच्छंदतावादी साहित्यातील आजारपण

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविताना कीट्सचा क्षय, मेरी शेलीचा एकाकी शास्त्रज्ञ आणि एडगर ॲलन पोच्या कथांतील बंद दालने हे विषय दरवर्षी येतात. विद्यार्थी टिपणे घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. हे सारे दूरच्या थंड देशांत घडले, आपल्या मुलखाशी त्याचा संबंध नाही, अशी त्यांची समजूत असते. आणि ती समजूत आपण शिक्षकांनीच करून दिलेली असते. वस्तुतः ज्या कादंबरीचे कथानक तुळजापुरातून सुरू होते अशी एक इंग्रजी कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. 'तारा' हे तिचे नाव. तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर हा १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्ग येथे राहून आजच्या धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग ज्यात मोडतो त्या मुलखाचा कारभार पाहत होता. ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरील विद्यार्थीही मान वर करतात, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

टेलरवर प्रशासक म्हणून आणि ठगांवरील कादंबरीचा कर्ता म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचारावयाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. आजारपण आणि एकाकीपणा ही गॉथिक व स्वच्छंदतावादी साहित्याची दोन आवडती सूत्रे टेलरच्या आयुष्यात प्रत्यक्ष अनुभव म्हणून होती आणि त्याच्या लेखनात साहित्यसंकेत म्हणून आली. या संकेतांच्या उजेडात त्याला या मुलखातील कोणते एकाकीपण दिसले आणि कोणते डोळ्यांसमोर असूनही दिसले नाही, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक भाषिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजीत ज्याला सर्वसाधारणपणे एकच नाव चालते त्यासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत. 'एकांत' माणूस स्वतः शोधतो. संतपरंपरेत तो साधनेचा भाग आहे. 'एकाकीपणा' वाट्याला येतो. 'विलगीकरण' सरकार किंवा वैद्य करतात. आणि 'वाळीत टाकणे' हे गावाचे काम. युरोपातील स्वच्छंदतावाद्यांनी दुसऱ्याला पहिल्याचे रूप दिले, म्हणजे वाट्याला आलेल्या एकाकीपणाला निवडलेल्या एकांताची प्रतिष्ठा दिली. तिसरा आणि चौथा शब्द त्यांच्या साहित्यात क्वचितच उघडपणे येतो.

गॉथिक साहित्य आणि रोग

होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' (१७६४) या कादंबरीपासून गॉथिक परंपरेचा आरंभ मानतात. जुना किल्ला, भुयारे, बंद दालन, त्यात कोंडलेली स्त्री, वंशाला लागलेला शाप आणि खरी होणारी भविष्यवाणी ही तिची सामग्री. ॲन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) या कादंबरीने हा साचा लोकप्रिय केला. पोच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) या कथेत घर आणि रोगी एकच होतात. भिंतीला गेलेला तडा आणि घरमालकाच्या मनाला गेलेला तडा वेगळे करता येत नाहीत. 'द मास्क ऑफ द रेड डेथ' (१८४२) या कथेतील राजपुत्र साथीला भिऊन हजार सरदारांसह मठात दरवाजे बंद करून बसतो, आणि साथ आतच प्रकट होते.

स्वच्छंदतावाद्यांचा रोग म्हणजे क्षय. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधग्रंथात दाखविले की क्षयाला संवेदनशील, प्रतिभावान माणसाचा रोग मानण्याची रीत या काळात रूढ झाली. याची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. कीट्सने धाकटा भाऊ टॉम याची शुश्रूषा केली. टॉम १८१८ च्या डिसेंबरात क्षयानेच वारला. १८२० च्या सप्टेंबरात कीट्स इटलीकडे निघाला तेव्हा लंडनमधील टायफसच्या साथीमुळे त्याचे जहाज नेपल्सच्या बंदरात दहा दिवस अडकवून ठेवले होते. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी तो रोममध्ये वारल्यावर तेथील कायद्याप्रमाणे त्याच्या खोलीतील सामान जाळण्यात आले. प्रतिभेचा रोग म्हणून कवितेत गौरविलेली वस्तू बंदरावरच्या शिपायाला निव्वळ संसर्ग वाटत होती.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा रोग म्हणजे पटकी. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्भवलेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खनभर पसरली, पुढे वाटा बदलत १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. १८३२ मध्ये आयर्लंडच्या स्लायगो गावात या साथीने जे थैमान घातले ते शार्लट नावाच्या मुलीने पाहिले होते. पुढे तिने त्या आठवणी आपल्या मुलाला सांगितल्या. तो मुलगा म्हणजे 'ड्रॅक्युला'चा (१८९७) कर्ता ब्रॅम स्टोकर. ॲलन ब्यूएल यांनी १९९९ मधील ग्रंथात इंग्रजी स्वच्छंदतावादी साहित्य वसाहतींतील रोगांशिवाय समजत नाही, असे प्रतिपादन केले आहे. मेरी शेलीच्या 'द लास्ट मॅन' (१८२६) या कादंबरीत पूर्वेकडून आलेली महामारी सारी मानवजात संपविते आणि एकच माणूस रोममध्ये उरतो, हे लक्षात घेतले की या मताचे वजन कळते. रोग येथून तिकडे गेला, त्याचे भय साहित्य बनले, आणि ते साहित्य वाचलेली माणसे अधिकारी म्हणून पुन्हा येथे येत राहिली. टेलर हा त्यांपैकी एक.

नळदुर्गचा एकटा साहेब

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, तो मुंबईत एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरीसाठी आला. पेढीची स्थिती सांगितल्याप्रमाणे नव्हती. त्याच वर्षी एका नातलगाच्या ओळखीने त्याला निजामाच्या सैन्यात जागा मिळाली. तो कंपनीचा नोकर नव्हता, ही गोष्ट त्याच्या पुढील आयुष्यात फार महत्त्वाची ठरली. कंपनीचे अधिकारी त्याला पूर्णपणे आपल्यातील मानीत नसत. निजामाच्या दरबारात तो परकाच होता. मराठी, हिंदुस्थानी आणि फार्सी त्याने मन लावून शिकून घेतल्या. तरुणपणीच निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांच्या कामावर असताना त्याने हा मुलूख पायाखाली घातला.

त्याच्या आत्मचरित्रात जंगली ताप वारंवार येतो. ताप, डोलीतून प्रवास, तंबूत पडून राहणे, पुन्हा कामावर रुजू होणे, असा त्याचा क्रम आहे. तीसच्या दशकाच्या अखेरीस प्रकृतीसाठी रजा घेऊन तो इंग्लंडला गेला आणि तेथे १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. परत आल्यावर शोरापूर संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील सुरपूर येथे, सुमारे बारा वर्षे तो अल्पवयीन राजाचा पालक-प्रशासक होता. त्या काळात पत्नी वारली. काही अपत्ये आधीच गेली होती. उरलेल्या दोन मुली इंग्लंडमध्ये होत्या.

आत्मचरित्रात त्याने एक प्रसंग नोंदविला आहे. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या काळात, प्रवासातील एका मुक्कामावर तो तंबूत होता. इंग्लंडमधील ज्या स्त्रीशी पुढे विवाह व्हावा अशी त्याची इच्छा होती ती पांढऱ्या वेशात समोर उभी राहिली, आपल्याला जाऊ देऊ नकोस अशी तिने विनवणी केली, आणि तो पुढे झेपावताच ती आकृती विरली. त्याने वडिलांना पत्र लिहून तिच्याविषयी विचारले. उत्तर आले की उशीर झाला. ज्या दिवशी हा भास झाला त्याच दिवशी तिचा विवाह झाला होता. ही कथा पुढे युरोपातील भुताखेतांच्या संग्रहांत वारंवार छापली गेली. ती खरी की खोटी हा प्रश्न इतिहासकाराचा नाही. थकवा, तंबू आणि आपल्या भाषेचे माणूस आसपास नसणे या परिस्थितीत आपल्या मनाची अवस्था सांगण्यासाठी टेलरला जो साचा सहज हाती आला तो गॉथिक होता, एवढे येथे पुरेसे आहे.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्यांपैकी धाराशिवचा कारभार टेलरकडे आला आणि नळदुर्ग हे त्याचे मुख्य ठाणे झाले. (हा मुलूख १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून हलले, त्याचे नाव उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत आले.) नळदुर्ग किल्ला ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना वेगळे वर्णन नको. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये बांधलेला बांध, त्याच्या पोटातील पाणीमहाल, वरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन प्रवाह, समोरचा रणमंडळ, उंच उपळी बुरूज. पाण्याच्या पडद्यामागे दालन आणि त्या दालनात बसलेला माणूस, हे चित्र रॅडक्लिफच्या कोणत्याही वाचकाला आपले वाटले असते.

तथापि टेलरच्या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे हा किल्ला कादंबरीतला राहत नाही. जमाबंदी, मोजणी, सोलापूरकडील रस्ता, तलावांची दुरुस्ती, न्यायदान, हे सारे थोड्याशा माणसांच्या मदतीने चालले होते. दिवसभर त्याच्याभोवती माणसांची रीघ असे. त्याचे एकाकीपण हे माणसे नसण्याचे नव्हते. बरोबरीची माणसे नसण्याचे होते. स्वच्छंदतावादी साहित्यातील एकाकी नायकाविषयी बोलताना हा भेद सहसा कोणी करीत नाही. मोठ्या ओसाड घरात एकट्या राहणाऱ्या त्या नायकाचे जेवण कोण रांधते, दिवा कोण लावते, हे कथेत येत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात ते कोण करीत होते हे आपल्याला तर्काने कळते. टेलरच्या कादंबऱ्यांत ती माणसे आहेत, पण एकाकी म्हणून ती कधीच दिसत नाहीत.

शोरापूरच्या राजाची कथा येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. वेंकटप्पा नायक हा टेलरच्या देखरेखीखाली वाढलेला राजा त्याला 'अप्पा' म्हणत असे. राजा चोविसाव्या वर्षी मरेल असे भविष्य त्याच्या जन्मपत्रिकेत होते आणि टेलरला ते दाखविले गेले होते. १८५८ मध्ये राजा उठावात सामील झाला, पकडला गेला, काही वर्षांच्या कैदेची शिक्षा होऊन त्याला चिंगलपेटच्या किल्ल्याकडे नेत असताना वाटेत त्याने बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःला गोळी घालून घेतली. टेलर हे सांगताना भविष्य खरे ठरल्याच्या थरारावर थांबतो. एका चोविशीतील कैद्याला किल्ल्यातला एकांतवास मृत्यूहून वाईट वाटला, या गोष्टीकडे मात्र वाचकाचे लक्ष आपोआप जात नाही. साचा तेथे आड येतो.

'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीविषयीही असेच म्हणता येईल. तुरुंगातील अमीर अली एका इंग्रज साहेबाला आपली कहाणी सांगतो. आईबापांना मारणाऱ्या ठगानेच त्याला वाढविले. पुढे त्याने नकळत स्वतःच्या बहिणीचा गळा आवळला. वंशाचे रहस्य, ओळख पटविणारी खूण, उशिरा कळलेले पाप, हे सारे गॉथिकचे आहे. ठगीविषयीच्या वसाहतकालीन चित्राची अलीकडील इतिहासकारांनी, विशेषतः किम वॅग्नर यांनी २००७ मधील ग्रंथात, नव्याने छाननी केली आहे. प्रस्तुत लेखकाला येथे एक साम्य सुचवावेसे वाटते. टेलरच्या वाचकांसाठी ठग हा पटकीसारखाच आहे : तो रस्त्याने येतो, वाटसरूंत मिसळतो, दिसायला निरोगी आणि मनमिळाऊ असतो, आणि सकाळी माणसे नाहीशी झालेली असतात. १८३२ ची साथ पाहिलेल्या इंग्रज वाचकाला १८३९ मध्ये हे भय नवे नव्हते.

'तारा' : विधवेचे विलगीकरण

१८६० मध्ये प्रकृती पार ढासळल्यामुळे टेलरने हिंदुस्थान सोडला. 'तारा' ही कादंबरी त्यानंतर डब्लिनजवळील घरी लिहिली गेली. काळ शिवाजी महाराजांच्या उदयाचा, अफझलखानाच्या स्वारीपर्यंतचा. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या पुजाऱ्याची कन्या, बालविधवा. देवीच्या संचारात ती स्वतःला देवीची सेविका म्हणून अर्पण करते. मोरो त्रिमल हा खलपुरुष तिच्या मागावर आहे. अखेर अफझलखानाचा मुलगा फाजल याच्याशी तिचा विवाह होतो. तुळजापूरची घाटवाट, देवळाच्या पायऱ्या, उत्सवातील गर्दी यांचे वर्णन ज्याने हे सारे पाहिले आहे त्याचेच आहे. यामुळे आपल्याकडे या कादंबरीचा आधार स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून घेण्याचा मोह होतो. स्थलवर्णनापुरता तो घ्यावा. व्यक्ती आणि घटना यांसाठी घेऊ नये, कारण तारा आणि मोरो त्रिमल ही कल्पित पात्रे आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ताराचे वैधव्य. टेलरने ते रोगासारखे रंगविले आहे : ती अशुभ आहे, तिच्या सावलीने सण बाटतो, तिची जागा ठरलेली आहे, ती स्वतः निरोगी असूनही जणू बाधित आहे. हे निरीक्षण खोटे नाही. टेलर नळदुर्गला असतानाच, जुलै १८५६ मध्ये, कंपनी सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला होता. पण गॉथिक साच्यात कोंडलेल्या स्त्रीची सुटका बाहेरून आलेल्या पुरुषाने करावी लागते, आणि तसेच येथे होते. फाजलखान येतो, तारा आपले जग सोडून त्याच्या जगात जाते. तुळजापुरात तिच्यासाठी काहीच बदलत नाही. तिच्यामागे राहिलेल्या इतर विधवांचे काय, हे विचारायला कादंबरीत जागा नाही.

याच काळात, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. यमुना आणि तिचा नवरा प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात. पुढे नवरा मरतो, यमुना स्वतः विधवा होते आणि ख्रिस्ती होऊन पुन्हा विवाह करते. दोन्ही कादंबऱ्यांत विधवेला सुटकेसाठी धर्माची सीमा ओलांडावी लागते, हे साम्य सहज नजरेआड करण्यासारखे नाही. फरक असा की पदमनजींच्या पुस्तकात एकाकीपण अनेकींचे आहे. ते एका सुंदर नायिकेचे वैशिष्ट्य नाही. कला म्हणून 'यमुनापर्यटन' दुबळे आहे हे मान्य करूनही, या एका बाबतीत ते 'तारा'हून अधिक प्रामाणिक आहे असे मला वाटते.

हरि नारायण आपट्यांनी आपली पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या रहस्यमय कादंबरीच्या आधारे लिहिली, म्हणजे गॉथिकची ओळख त्यांना चांगली होती. परंतु १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये त्यांनी किल्ला, भुयार, शाप काहीच ठेवले नाही. माजघर, न्हाणीघर, परसातली विहीर आणि नवरा गेल्यावर जबरदस्तीने केलेले केशवपन, एवढ्यावर त्यांनी जी भीती निर्माण केली ती रॅडक्लिफच्या चार खंडांत नाही. यमूला बाहेरून येणारा कोणी नायक नाही. ती खंगत जाते आणि मरते. तिचा रोग नेमका कोणता याला फारसे महत्त्व उरत नाही, कारण रोगाच्या आधीच तिचे विलगीकरण झालेले असते.

यात्रेची वाट

टेलरने जे तुळजापूर रंगविले ते यात्रेचे गाव होते आणि आहे. आश्विनातील नवरात्र, त्यानंतर कोजागरीच्या पौर्णिमेला आंध्र-कर्नाटकातून पायी येणारे भाविक, कल्लोळ तीर्थावरील गर्दी, हे चित्र त्याच्या काळीही होते. १८१७ नंतर सरकारी कागदांत यात्रा आणि पटकी ही जोडी कायमची झाली. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मक्केची आणि हिंदुस्थानातील यात्रा हे साथीचे उगम म्हणून चर्चिले गेले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी १९९३ मधील ग्रंथात देवी, पटकी आणि प्लेग या तीन रोगांच्या निमित्ताने सरकार लोकांच्या शरीरापर्यंत कसे पोहोचले ते दाखविले आहे.

गावाची साथीविषयीची समजूत मात्र निराळी होती. पटकी म्हणजे मरीआई. तिला गावाबाहेर नेण्यासाठी गाडा काढावयाचा, शिवेपर्यंत न्यावयाचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे पोहोचवावयाचा. साथ जोरात आली की अख्खे गाव घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहत असे. म्हणजे रोगी आत कोंडण्याऐवजी निरोगी बाहेर पडत. पोच्या राजपुत्राच्या नेमके उलट हे वागणे आहे, आणि आरोग्यशास्त्राच्या कसोटीवर ते अगदीच वेडगळ नव्हते. प्लेगच्या काळात सरकारनेही घरे रिकामी करून छावण्या घालण्याचाच मार्ग धरला.

पण येथेही शीव ही सर्वांना सारखी नव्हती. मरीआईचे देऊळ गावकुसाबाहेर, तिची सेवा पोतराजाकडे, आणि तिच्या गाड्याभोवतीची कामे ज्या जातींकडे होती त्या मुळातच गावाबाहेर राहणाऱ्या. त्यांचे विलगीकरण साथ येण्याआधीपासून चालू होते आणि साथ गेल्यावर संपत नव्हते. साथीत गाव चार आठवडे बाहेर राहिला की त्याला संकट म्हणत. हे लोक पिढ्यान्पिढ्या बाहेर राहिले त्याला व्यवस्था म्हणत. 'तारा'मध्ये ही माणसे देखाव्यापुरती येतात. पदमनजी आणि आपटे यांच्या या कादंबऱ्यांतही त्यांना याहून फारसे अधिक मिळत नाही, हे नोंदविणे न्यायाचे होईल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढील काही वर्षांत तो साऱ्या दख्खनभर फिरला. या साथीने मराठीला दोन प्रकारच्या आठवणी दिल्या. पुण्यातील घरझडत्या, रँडचा २२ जून १८९७ रोजी झालेला खून ही राजकीय आठवण सर्वांना पाठ आहे. दुसरी आठवण शुश्रूषेची. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असताना स्वतः बाधित झाल्या आणि १० मार्च १८९७ रोजी वारल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त प्लेगच्या छावणीतील दिवस ज्या साधेपणाने सांगितले आहेत त्यात भय आहे, विनोद आहे, शेजारच्या खाटेवरील माणूस आहे, रहस्य नाही. केशवसुतांना १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगनेच गाठले. गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे क्षयाने गेले आणि त्यांच्याभोवती मात्र अकाली मावळलेल्या प्रतिभेची कीट्सच्या धर्तीवरील आख्यायिका उभी राहिली. प्लेगने मेलेल्या केशवसुतांच्या वाट्याला तशी आख्यायिका आली नाही. प्लेग पंक्तीला सर्वांना घेऊन बसतो; कवीला वेगळे पान मांडीत नाही. कोणता रोग काव्यात जातो आणि कोणता नगरपालिकेच्या दप्तरात, याचा निवाडा वैद्यकाने झालेला नाही.

टेलरच्या अखेरच्या वर्षांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. 'सीता' (१८७२) या कादंबरीत त्याने पुन्हा एक हिंदू विधवा नायिका केली, तिचा इंग्रज अधिकाऱ्याशी विवाह लावला आणि शेवटी तिला मृत्यू दिला. पुढे त्याची दृष्टी अधू होत गेली. सर सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो १८७५ मध्ये हैदराबादेस आला. ज्या मुलखाची त्याने एकेकाळी असंख्य रेखाचित्रे काढली होती तो आता त्याला दिसत नव्हता. तेथे त्याला पुन्हा जंगली तापाने धरले. परतीच्या प्रवासात फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी तो मरण पावला. आत्मचरित्राचे संपादन मुलगी ॲलिस हिने केले आणि ते १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणापासून वडिलांपासून दूर राहिलेल्या या मुलीच्या हाती नळदुर्गच्या वर्षांची हकीकत आली ती कागदावरची. त्या वर्षांत ती स्वतः तेथे कधीच नव्हती.